सूर्याचे तेज का बदलते?

उन्हाचा कडाका वाढला, की 'सूर्यच अधिक तापू लागला' असे सर्रास बोलले जाते. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या पर्जन्यछायेतील गावांत तर हा विषय थेट पिकापाण्याशी निगडित आहे. सूर्याचे तेज बदलते हे खरे. मात्र त्या बदलांची कारणे व कालमान निरनिराळे आहेत.

वातावरणाबाहेर, सूर्यासमोरील प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट सौरऊर्जा पोहोचते. यास 'सौर स्थिरांक' म्हणतात. पण तो पूर्णतः स्थिर नसल्याचे १९७८ पासूनच्या उपग्रहीय मोजणीतून स्पष्ट झाले. सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्रात तो अंदाजे ०.१ टक्क्याने कमी-अधिक होतो. याचे मूळ सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. हे क्षेत्र आतून येणारी उष्णता अडवते, तेथे काळसर डाग दिसतात. त्याच क्षेत्रामुळे उजळ ठिपकेही निर्माण होतात व ते डागांमुळे झालेली घट भरून काढून वर भर घालतात. त्यामुळे डाग सर्वाधिक असतात, तेव्हाच सूर्य किंचित अधिक तेजस्वी असतो. १६४५ ते १७१५ या काळात डाग अत्यंत विरळ झाले होते.

खरा दीर्घकालीन बदल गाभ्यात घडतो. तेथे हायड्रोजनच्या चार अणुकेंद्रकांपासून हेलियमचे एक केंद्रक बनते. कणांची संख्या घटल्याने गाभा आकुंचन पावतो, अधिक तापतो आणि ऊर्जानिर्मितीचा वेग वाढतो. सुमारे ४.६ अब्ज वर्षांपूर्वी, जन्मकाळी, सूर्याचे तेज आजच्या ७० टक्क्यांच्या आसपास होते. ही वाढ दहा कोटी वर्षांत जेमतेम एक टक्का भरते.

सूर्याच्या अभ्यासाशी पुण्याचे नाते जुने आहे. येथील खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ रोजी जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण केले. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या 'आदित्य-एल१' यानावरील 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'च्या नेतृत्वाखाली साकारली. ती सूर्याची अतिनील प्रकाशातील छायाचित्रे घेते. सौरचक्रात अतिनील किरणांतील चढउतार एकूण तेजातील चढउतारापेक्षा बराच मोठा असतो.

मग वाढत्या तापमानाचा दोष सूर्याचा का? १९८० च्या दशकापासून सूर्याच्या सरासरी तेजात वाढ आढळलेली नाही. पृथ्वी मात्र तापतच आहे. शिवाय, सूर्य कारणीभूत असता तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबरही तापला असता. प्रत्यक्षात तो थंड झाला आहे. ही खूण हरितगृह वायूंची आहे. या वायूंचे उत्सर्जन कमी करणे मात्र माणसाच्या हाती आहे.