संदलाचे तेल

उरुसाच्या मिरवणुकीला आपण 'संदल' म्हणतो. माहीमला मखदूम शाह बाबांच्या उरुसात पहिल्या संदलाचा मान मुंबई पोलिसांकडे असतो. मजारवर चढतो तो उगाळलेल्या चंदनाचा लेप, त्यावरून मिरवणुकीला हे नाव पडले. शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. संस्कृतातले 'चंदन' फारसीमार्गे अरबीत गेले आणि 'संदल' होऊन आपल्याकडे परत आले.

युनानी तिबमध्ये सफेद संदलाचा मिजाज थंड मानतात. धडधड आणि उष्णता यांवर हकीम शरबत-ए-संदल देत आले आहेत. (लाल संदल हे निराळेच झाड आहे.)

तेलाचे खरे काम मात्र अत्तरात. कन्नौजचे कारागीर तांब्याच्या देगेत गुलाब उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथे आधीच ओतलेले संदलाचे तेल तो सुगंध पिऊन घेते. हे तेल सावकाश उडते, म्हणून फुलाचा वास टिकतो. शिवाय त्यात अल्कोहोल नाही. नमाजी माणसाला अत्तर जवळचे वाटले यात नवल ते काय!

तेल निघते ते खोडाच्या गाभ्यातून आणि मुळांतून, म्हणून झाड मुळासकट उपटावे लागते. टिपू सुलतानने १७९२ मध्ये संदलाला शाही झाड ठरवले. १७९९ मध्ये टिपू शहीद झाला, पण हा हक्क पुढच्या राजवटींनीही सोडला नाही. म्हैसूरचे लाकूड तेल काढण्यासाठी युरोपला जाई. १९१४ च्या महायुद्धात ही निर्यात अडली, तेव्हा संस्थानाने १९१६ मध्ये म्हैसुरातच तेलाचा कारखाना काढला. सर विश्वेश्वरय्या त्या वेळी दिवाण होते.

शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? झाड त्याच्या बांधावर, पण मालकी सरकारची. चोरी झाली तर जाब मात्र त्यालाच. मग रोप लावणार कोण? माझ्या मते संदल दुर्मीळ होण्यात चोरांइतकाच या कायद्याचाही हात आहे. कर्नाटकने २००१ मध्ये जमीनमालकाला झाडाची मालकी दिली, पण चांगला गाभा तयार व्हायला वीस-तीस वर्षे लागतात.

दरम्यान तेल इतके महागले की कन्नौजच्या पुष्कळ भपक्यांत आता त्याऐवजी पॅराफिन ओततात. ईदला आपण मनगटावर लावतो त्या स्वस्त अत्तरात संदलाचा थेंबही नसतो.