पुरवणी केव्हा उघडायची?

मॉरोविंडचा नायक कैदी म्हणून जहाजातून उतरतो. समोर सेडा नीन नावाचं दलदलीकाठचं खेडं, खिशात थोडी नाणी, अंगावर साधे कपडे. रात्री तो कुठेतरी आडवा होतो आणि डोळा लागतो न लागतो तोच काळ्या चिलखतातला मारेकरी त्याच्यावर तुटून पडतो. आपण कुणाचं काय बिघडवलं, हे त्या बापड्याला ठाऊक नसतं. मे २००२ मध्ये बेथेस्डाचा हा गेम ज्यांनी विकत घेतला, त्यांची पहिली रात्र मात्र शांत गेली होती. मारेकरी आला तो नोव्हेंबरात निघालेल्या ‘ट्रायब्युनल’ या पुरवणीबरोबर.

मधल्या सहा महिन्यांत जुन्या खेळाडूंचे नायक चांगले मुरले होते. मारेकरी लिहिला गेला तो त्यांच्यासाठी. पुढे जून २००३ मध्ये ‘ब्लडमून’ ही दुसरी पुरवणी आली आणि त्याच वर्षी मूळ गेम नि दोन्ही पुरवण्या ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्तीत एकाच खोक्यात विकायला निघाल्या. नव्या गिऱ्हाइकाने तिन्ही एकदमच बसवल्या आणि पहिल्याच झोपेत मार खाल्ला. जो कसाबसा वाचला त्याच्या हाती मेलेल्या मारेकऱ्याचं महागडं चिलखत लागलं. ते विकून तो रातोरात इतका श्रीमंत झाला की पुढे कित्येक तास पैशाची चणचण म्हणून उरली नाही. अखेर मारेकऱ्याचं आगमन लांबवणारे मॉड खेळाडूंनीच तयार केले.

फँटसी रोल-प्लेइंग गेममधली पुरवणी केव्हा खेळावी हा प्रश्न आज प्रत्येक नवख्याला पडतो. तो इतका जुना नाही. पूर्वी त्याचं उत्तर द्यायला कुणी ना कुणी हजर असे.

सुरुवातीला तर चक्क माणूसच समोर बसलेला असायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याची ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी निघाली. चोर आणि पॅलाडिन हे पात्रांचे वर्ग तिच्यातूनच आले. यातलं काय वापरायचं, किती आणि केव्हा, हे टेबलाच्या टोकाला बसलेला डन्जन मास्टर ठरवी. मंडळी कच्ची असतील तर तो अवघड तळघराचं दार उघडतच नसे.

कॉम्प्युटरवर हा माणूस गेला. ‘टेंपल ऑफ अपशाय’ १९७९चा. त्याची ‘अपर रीचेस’ ही पुरवणी १९८१ची. त्याच १९८१ मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ आला आणि पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग, ‘नाइट ऑफ डायमंड्स’. हा स्वतंत्र गेम म्हणून विकला गेला, पण वागणूक सगळी पुरवणीची. पहिल्या भागात वाढवलेली पात्रं घेऊन आल्याशिवाय तो खेळूच देत नसे. कडक नियम, पण गोंधळाला जागा नव्हती. जपानमध्ये फॅमिकॉमवर ही मालिका गेली तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या क्रमाचीच अदलाबदल झाली, ही एक गंमतच.

त्यानंतर बराच काळ हे काम कॅलेंडरने केलं. मूळ गेम एका वर्षी, पुरवणी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. मधल्या काळात कथा संपलेली असायची. हातात बलाढ्य पात्र आणि रिकामा वेळ असलेला माणूस दुकानात जायचा. त्याला ‘केव्हा’ असं विचारावंच लागत नव्हतं.

या सोयीतही एक मेख होती. बायोवेअरचा ‘बाल्डर्स गेट’ १९९८च्या डिसेंबरात आला. त्यात खलनायक सारेव्होक पडला की शेवटची चित्रफीत आणि खेळ खलास. ‘नंतर’ नावाचा काळच त्या जगात नव्हता. म्हणून १९९९ची ‘टेल्स ऑफ द स्वोर्ड कोस्ट’ ही पुरवणी जुन्या नकाशातच शिवावी लागली: उलगॉथ्स बिअर्ड हे गाव आणि सापळ्यांनी खच्चून भरलेला डर्लॅगचा मनोरा. अनुभवाची कमाल मर्यादा ८९,००० वरून १,६१,००० गुणांवर गेली. म्हणजे ज्याने पुरवणीचा मनोरा सर केला, तो मूळ कथेच्या खलनायकासमोर आधीपेक्षा दांडगा होऊन उभा राहिला. शेवटची लढाई सोपी झाली. पुरवणीने मूळ कथेला खाली खेचल्याचं हे ठळक उदाहरण, आणि पुढची पंचवीस वर्षं ही कटकट सुटली नाही.

‘बाल्डर्स गेट’च्या दुसऱ्या भागाची, म्हणजे ‘शॅडोज ऑफ अ‍ॅम्न’ची, पुरवणी ‘थ्रोन ऑफ भाल’ २००१ मध्ये आली, तेव्हा बायोवेअरने वेगळा मार्ग काढला. पुरवणीची मुख्य कथा मूळ गेमच्या शेवटानंतर सुरू केली आणि वॉचर्स कीप हा किल्ला मात्र दोन्हीकडून उघडा ठेवला. ‘शॅडोज ऑफ अ‍ॅम्न’ चालू असताना जा, नाहीतर नंतर जा. जाणकार मंडळी अजूनही वरचे मजले आधी आणि तळाचा भाग शेवटी असा किल्ला वाटून घेतात. तळाशी कोंडलेल्या डेमोगॉर्गनपुढे अर्धकच्चं पात्र टिकत नाही, आणि वरच्या मजल्यांवरची शस्त्रं लवकर हाती आली तर मूळ कथेचा खलनायक जॉन इरेनिकस याची भीती जाते. हा तोडगा खोक्यावर छापलेला नव्हता. मार खाऊन खाऊन तो खेळाडूंनी शोधला.

जर्मनीतल्या पिरान्हा बाइट्सने त्याच सुमारास उलट टोक गाठलं. ‘गॉथिक २’ची २००३ची पुरवणी ‘नाइट ऑफ द रेव्हन’ जुन्या सेव्हवर चालतच नव्हती. खेळ पहिल्यापासून सुरू करा. नवा प्रदेश कथेच्या मधोमध गुंफलेला, कौशल्यं शिकायला जास्त गुण लागणार, शत्रू चिवट. पहिल्यांदा खेळणाऱ्याची यात दमछाक व्हायची, पण रचनेच्या दृष्टीने मला ही सगळ्यांत प्रामाणिक पुरवणी वाटते. तिने मूळ गेमला हात लावला आणि तो लावल्याची जबाबदारीही घेतली.

एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डाने ‘ऑब्लिव्हियन’साठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. त्यावरून झालेली टिंगल प्रसिद्ध आहे. किमतीइतकाच मोठा बदल मात्र पुरवणी पोचवण्याच्या रीतीत होता. आता ती वर्षातून एकदा जाड खोक्यात येणार नव्हती. तुकड्या-तुकड्याने, गेमच्या मेनूमधूनच येणार होती. कॅलेंडरची शिस्त मोडली ती इथे. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ नोव्हेंबर २००९ मध्ये आला तेव्हा पहिल्याच दिवसापासून छावणीच्या शेकोटीपाशी लिव्हाय ड्रायडन नावाचा इसम मदत मागायला उभा होता. त्याची कहाणी ऐकून होकार द्यावा, तर ‘वॉर्डन्स कीप’ ही पुरवणी आधी पैसे देऊन घ्या असं कळायचं. पुरवणी केव्हा, याचं उत्तर आता गल्ल्यावर बसलेला माणूस देऊ लागला होता, आणि ते नेहमी एकच असायचं: आत्ता.

स्कायरिमच्या २०१२ मधल्या ‘डॉनगार्ड’मध्ये मॉरोविंडची चूक मोठ्या प्रमाणावर झाली. पुरवणी बसवली आणि नायक थोडा वर आला की रक्तपिपासू गावांवर हल्ले करू लागत. खेळाडू तरायचा, पण लोहार आणि दुकानदार मरायचे, आणि मेलेला लोहार परत येत नसे. डार्क सोल्सची ‘आर्टोरियास ऑफ द अबिस’ मात्र त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला गेली. तिचं दार इतकं लपवलेलं की सोनेरी स्फटिकाच्या गोलेममधून एका राजकन्येची सुटका, दूरच्या ग्रंथालयातून तुटका लोलक आणणं आणि पुन्हा त्याच जागी परतणं, हे सगळं ठाऊक नसलं तर पैसे भरूनही आत जाता येत नव्हतं.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने ‘विचर ३’मध्ये निदान सरळ बोलायचं ठरवलं. मे २०१५चा मूळ गेम, ऑक्टोबरात ‘हार्ट्स ऑफ स्टोन’, ३१ मे २०१६ रोजी ‘ब्लड अँड वाइन’. पहिलीला लेव्हल ३२ आणि दुसरीला ३४ अशी शिफारस. वर मेनूमध्ये सोय, की हवं तर तयार पात्र घेऊन थेट पुरवणीच खेळा. आकडा चोख आहे. कथेचा हिशेब मात्र त्याने सुटत नाही. मूळ कथेत नायक गेराल्ट हरवलेल्या मानसकन्येच्या, सिरीच्या मागावर जीव टाकून धावतोय. अशा वेळी तो एका भुताला अंगात घेऊन लग्नात नाचत बसला तर प्रसंग सुरेख असला तरी बाप म्हणून त्याची शोभा होते. तरी ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ कथेच्या मध्यातही खपून जाते, कारण तिचा गॉन्टर ओडिम मूळ गेमच्या पहिल्याच खानावळीत भेटून गेलेला असतो. ‘ब्लड अँड वाइन’चं तसं नाही. तूसाँचे द्राक्षमळे, गेराल्टला मिळालेलं घर, अखेरीस त्या घरी येणारं माणूस, हे सगळं निरोपासाठी लिहिलेलं आहे. दारात कोण उभं राहील ते मूळ कथेतल्या निर्णयांवर ठरतं. ती आधी खेळणं म्हणजे वरातीच्या आधी पाठवणी.

‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ची सप्टेंबर २०१५ मधली ‘ट्रेसपासर’ याहून पुढे गेली. ती मूळ कथेनंतर दोन वर्षांनी घडते आणि एकदा सुरू केली की मागचं जग बंद. राहिलेली कामं राहिलीच. शिवाय नायकाचा साथीदार सोलास याचा खरा बेत तिच्यातच उघड होतो आणि २०२४चा ‘द व्हेलगार्ड’ तिथूनच पुढे चालतो. नावाला ऐच्छिक, प्रत्यक्षात शेवटचा अध्याय. असा अध्याय वेगळा विकणं हे लबाडीच्या जवळ जातं.

फ्रॉमसॉफ्टवेअरने ‘एल्डन रिंग’साठी विझर्ड्रीचा जुना कडक नियमच परत आणला. जून २०२४ची ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ उघडायला राडान आणि मोग हे दोघे मारलेले असावे लागतात. मोग मुळात सक्तीचा नाही. त्याला न भेटताही गेम पूर्ण होतो. त्यामुळे गेम संपवून बसलेल्या अनेकांना पुरवणी विकत घेतल्यावर मागे फिरून त्याला शोधावं लागलं. नव्या फेरीत गेलेल्यांना तर दोघांना पुन्हा मारणं आलं. आत गेल्यावरही जुन्या लेव्हलचा तोरा चालत नाही. तिथलं बळ स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करूनच वाढतं. बाल्डर्स गेटपासून चालत आलेल्या दुखण्यावर हा खरा उपाय म्हणायला हवा, कारण पुरवणीत कमावलेलं ते बळ पुरवणीतच राहतं.

एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड’ आला आणि त्यात दोन्ही मोठ्या पुरवण्या पहिल्यापासूनच आहेत. तो हाती घेणाऱ्यांनी ‘शिव्हरिंग आइल्स’ मुख्य कथा संपेपर्यंत राखून ठेवावी. नीबेन उपसागरातल्या बेटावरचं दार कुठे पळून जात नाही, आणि तिचा शेवट पाहिल्यावर पुन्हा सायरोडीलची सरकारी कामं करावीशी वाटत नाहीत. ‘नाइट्स ऑफ द नाइन’ मात्र चोरांच्या किंवा मारेकऱ्यांच्या टोळीत शिरण्याआधी उरकून घ्या. दुष्कीर्तीचे दोन गुण झाले की पवित्र शस्त्रं नायकाला नाकारतात, आणि मग नऊ देवस्थानांची यात्रा पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.