टर्बोच्या आधीची नळी

टर्बोचा इतिहास सांगणारे लोक ताकदीपासून सुरुवात करतात. मी नळीपासून करतो. आमचे बाबा तुमसरहून बैहरला आले आणि त्यांनी गॅरेज टाकलं, तेव्हा इकडे टाटा-मर्सिडीजचे ट्रक होते. त्यांच्या इंजिनाच्या बाजूनं एक उघडी नळी खाली लोंबायची. बाबा तिला इंजिनाचं नाक म्हणायचे.

रिंगा कितीही नव्या असोत, सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली चेंबरात, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतोच. आम्ही मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. त्याला वाट दिली नाही तर चेंबरात दाब साठतो आणि तेल सील, पॅकिंग, डिपस्टिक, सापडेल तिथून बाहेर पडतं. नळी होती ती त्यासाठी. गाडी पळत असली की खालचा वारा नळीतली वाफ ओढून नेई. पण बालाघाटहून गांगुलपाऱ्याचा घाट पहिल्या गिअरात चढताना वारा कुठला! वाफ केबिनमध्ये. उकव्याचं मँगनीज वाहणाऱ्या ड्रायव्हरांच्या कपड्यांना तोच वास असायचा.

ही उघडी नळी जगभर होती. तिची वाफ परत इंजिनातच जाळायची युक्ती दुसऱ्या महायुद्धातल्या काही लष्करी गाड्यांत आली, कारण पाण्यातून जाताना उघड्या नळीतून पाणी वर चढण्याची भीती होती. पुढे लॉस एंजलिसच्या धुरक्यानं लोक हैराण झाले, आणि १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या मोटारींना हीच युक्ती करणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह लागला. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलमुळे ओढ असते. तीच ओढ चेंबरातली वाफ शोषून घेते. फुकटचा पंप.

लगेच १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्वेअर या मोटारी टर्बो लावून विकायला आल्या. टर्बो मुळात जुना, स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याचं पेटंट १९०५ चं. पण तो रमला जहाजांत आणि मोठ्या डिझेलांत. पेट्रोल मोटारीवर तो चढला की वरचा फुकटचा पंप उलटा फिरतो. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे जिथे ओढ होती तिथे दाब येतो, आणि मॅनिफोल्डमधली हवा चेंबरात घुसायला बघते. म्हणून तिथे एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह लागतो. शिवाय दाबाच्या वेळी वाफेला दुसरी वाट लागते, ती एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात. तिथे ओढच असते. वाटेत तेल अडवणारी डबी हवी, नाहीतर इंटरकूलर आतून तेलकट होतो. कान्हाच्या जंगलाच्या मुक्की गेटकडचा एखादा जिप्सीवाला पोरगा हौसेनं टर्बो बसवायचं विचारतो, तेव्हा मी आधी विचारतो, ‘नळी कुठे जोडणार?’ बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

आपल्याकडे हा बदल मी पाहिला तो पुण्याच्या टेल्कोच्या गाड्यांत. १९९४ च्या सुमोचं १९४८ सीसीचं डिझेल साधं होतं. १९९८ च्या सफारीत त्याच मापाच्या इंजिनावर टर्बो आला. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीमुळे आमच्या रस्त्यावर अशा गाड्या लवकर दिसू लागल्या. डिझेलला थ्रॉटलची ओढ नसते, त्यामुळे वरचा गोंधळ कमी. इथे गोष्ट अडते ती तेलाच्या परतीवर. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगला तेल दाबानं मिळतं, पण चेंबरात परत उतरतं ते निव्वळ स्वतःच्या वजनानं. चेंबरात दाब असेल तर ते उतरत नाही, तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं.

मग ड्रायव्हर येतो, ‘मिस्त्रीजी, टर्बो गया.’ गेलेला नसतो. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढावं. धुराचे फटके आले तर टर्बोला हात न लावता रिंगा बघाव्यात. त्याही आधी नळी. आमच्याकडच्या धुळीचा आणि तेलाचा असा काही गाळ तिच्यात बसतो की तार घालावी लागते. डिझेलनं धुऊन परत लावली की पुष्कळदा काम तेवढंच असतं. ड्रायव्हर खूश होतो. समोरचा पार्टवाला मात्र दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.