मोत्यांच्या व्यापाऱ्याची पेटी

इराणच्या आखातात मोत्यांच्या व्यापाऱ्यास ‘तव्वाश’ म्हणत. शिडाच्या होडीतून तो मोती काढणाऱ्या गलबतांमागे हिंडे आणि त्याचे सारे दुकान ‘बिश्तख्ता’ नावाच्या एका लहानशा पेटीत मावे. तिकडच्या घरांतील पितळी खिळ्यांनी मढविलेल्या मोठ्या पेटाऱ्याचे नाव ‘मंदूस’. ते कानी पडताच आम्हांस जुन्या मराठीतील ‘मांदूस’ आठवते.

पेटीत तांबड्या कापडाच्या पुरचुंड्या, नाजूक तराजू, वजने आणि एकात एक बसणाऱ्या पितळी चाळण्या असत. वरच्या चाळणीत अडकलेले मोती ते ‘रास’, म्हणजे डोके. त्याखालचे ‘बत्न’, म्हणजे पोट. आणि त्याहून बारीक ते शेपूट. मन्नारच्या आखातात अशा दहा चाळण्या वापरीत. पहिलीस २० भोके, तर शेवटचीस १०००.

खरे कौतुक वाटते ते मुंबईच्या बाजारातील ‘चव’ या मापाचे. जिभेच्या चवीशी त्याचा संबंध नाही. मोती दुप्पट वजनाचा असेल तर मोल चौपट, हा त्यामागील न्याय. २४ रतींचा एक टांक; तेवढ्या वजनाच्या एकाच मोत्याचे चव ३३०, पण तेच वजन दोन सारख्या मोत्यांचे असल्यास दोहोंचे मिळून १६५. हा हिशेब व्यापारी झरझर करीत आणि भाव मात्र रुमालाखाली बोटे दाबून ठरवीत, बघ्यांना पत्ता लागू न देता!

ज्याने जीव धोक्यात घालून शिंपले वर आणले, त्या पाणबुड्यास या गणितात स्थान नव्हते. नाखुदा, आपल्या कोळ्यांच्या बोलीतला नाखवा, त्यास हंगामाआधी उचल देई; ती फिटत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. बहारीनमध्ये १९२० नंतर प्रत्येक पाणबुड्यास स्वतःची हिशेबवही मिळावी असा नियम झाला. तोवर जपानी संवर्धित मोती बाजारात उतरले होते आणि १९२९ च्या जागतिक मंदीने मागणी बसली. उचल घटली, तेव्हा १९३२ साली पाणबुड्यांनी दंगा केला.

पुढे खनिज तेल सापडले आणि माणसे तिकडे वळली. मुहर्रक येथील मोती-व्यापाऱ्यांची घरे २०१२ साली जागतिक वारसा यादीत नोंदली गेली.