बाइकच्या इंजिन ऑइलमध्ये धातूचे कण दिसले तर? कधी घाबरायचं आणि कधी नाही

ऑइल बदलताना ट्रेमध्ये काहीतरी चमकताना दिसतं. मेकॅनिक म्हणतो, 'इंजिन खोलावं लागेल', आणि बाइकमालकाला खर्चाची धास्ती बसते. दुसऱ्या गॅरेजमध्ये तेच ऑइल पाहून 'एवढं चालतंच' असं उत्तर मिळतं. परिस्थितीनुसार दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. कण केवढे आहेत, कोणत्या धातूचे आहेत आणि मागच्या वेळेपेक्षा वाढले आहेत का, या तीन प्रश्नांवर निर्णय अवलंबून असतो.

चांगल्या इंजिनमधूनही कण का निघतात?

इंजिनमध्ये धातूवर धातू सतत फिरत किंवा घासत असतो. मध्ये ऑइलचा पातळ थर असला तरी थोडी झीज होतेच. हे नेहमीचे कण काही मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि ४० मायक्रॉनपेक्षा लहान गोष्ट नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यामुळे रोजच्या झिजेचे कण सुटे दिसत नाहीत. ते एकत्र जमले की राखाडी, मऊ लगद्यासारखे दिसतात.

नव्या बाइकची गोष्ट वेगळी आहे. सिलिंडर, रिंग आणि गिअर सुरुवातीला एकमेकांवर बसत असतात. कारखान्यात यंत्रकाम करताना राहिलेला बारीक चुराही याच काळात बाहेर येतो. म्हणूनच बहुतेक कंपन्या पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान ठेवतात. या पहिल्या ऑइलमध्ये थोडी चमक दिसली तर काळजीचं कारण नाही. त्यासाठीच ते ऑइल लवकर बदललं जातं.

कण इंजिनचेच असतात का?

हा मुद्दा बऱ्याचदा विसरला जातो. कारमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. आजच्या बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलमध्ये चालतात. त्यामुळे ट्रेमध्ये दिसलेला स्टीलचा तुकडा गिअरचाही असू शकतो. क्लच न दाबता किंवा अर्धवट दाबून गिअर टाकण्याची सवय असेल तर गिअरच्या कडा झिजतात. कणांसोबत गिअर निसटत असेल किंवा अडकत असेल तर संशय आधी तिकडे जायला हवा.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटमध्ये गिअरबॉक्स वेगळा होता. स्कूटरमध्येही मागच्या चाकाजवळच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं. त्यामुळे कण नेमके कुठल्या ऑइलमध्ये सापडले, हे आधी पाहावं.

घरी किंवा गॅरेजमध्ये तपासायचं कसं?

इंजिन थोडं गरम असताना स्वच्छ ट्रेमध्ये ऑइल काढा. हात भाजेल इतकं गरम नको. ट्रे आधीच मळलेला असेल तर आधीच्या गाडीचा चुरा तुमच्या नावावर जाईल. ऑइल पांढऱ्या सुती कापडातून गाळा आणि उरलेल्या कणांवरून लोहचुंबक फिरवा.

चुंबकाला चिकटले तर ते लोखंड किंवा स्टील: गिअर, बेअरिंग, टायमिंग चेन, कॅमशाफ्ट किंवा सिलिंडर लायनर.

चिकटले नाहीत आणि पांढरट चमकतात तर बहुधा अॅल्युमिनियम: पिस्टन, हेड किंवा इंजिनचं कव्हर.

पिवळे किंवा तांबूस असतील तर पितळ किंवा ब्राँझ: बुश, वॉशर किंवा बेअरिंगची जाळी.

काळे, मऊ आणि बोटाने चुरगळणारे असतील तर तो धातू नाही. क्लच प्लेटचं अस्तर किंवा गॅस्केटचे तुकडे असण्याची शक्यता जास्त.

एक नेहमीचा खोटा इशाराही लक्षात ठेवा. ड्रेन बोल्ट वारंवार जास्त आवळला की इंजिनच्या अॅल्युमिनियममधले आटे सोलले जातात. मग स्प्रिंगसारखी वळलेली चकचकीत तार ऑइलसोबत बाहेर पडते. यात इंजिनच्या आतलं काही झिजलेलं नसतं, पण आटे दुरुस्त करून घ्यावे लागतात. नाहीतर ऑइल गळू शकतं.

ऑइल फिल्टरही बघा. कागदी फिल्टर असेल तर त्याच्या घड्या उघडून पाहता येतात. स्प्लेंडरसारख्या १०० सीसी बाइकमध्ये कागदी फिल्टरऐवजी जाळी आणि क्रँकसोबत फिरणारा फिल्टर असतो. फिरण्याच्या जोराने जड कण त्याच्या भिंतीला चिकटतात. तिथे गाळ जमलेला असणं हे तो काम करत असल्याचं लक्षण आहे.

बाइक कधी थांबवायची?

चुंबकावर नुसता राखाडी लगदा असेल तर तो पुसून नवं ऑइल भरा आणि बाइक वापरा.

थोडे बारीक चमकते कण आहेत, पण आवाज, धूर किंवा ताकद यात फरक नाही, अशा वेळी लगेच इंजिन खोलायची घाई नको. नवं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून ३०० ते ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. कण कमी झाले तर ठीक. तेवढेच किंवा जास्त असतील तर आत झीज सुरू आहे.

बोटाला टोचणारे तुकडे, पापुद्रे, पिवळे कण, किंवा कणांसोबत टकटक आवाज, निळा धूर किंवा ऑइलचा लाल दिवा असेल तर बाइक चालवू नका. ती टेम्पोतून गॅरेजला न्या. सुटे तुकडे ऑइल पंप आणि जाळीत अडकतात, हेडपर्यंत ऑइल पोचत नाही आणि इंजिन सीझ होऊ शकतं. चालत्या बाइकचं इंजिन सीझ झालं तर मागचं चाक लॉक होतं. अशा वेळी लगेच क्लच दाबून बाइक सावकाश कडेला घ्यावी लागते.

काय करू नये?

इंजिनमध्ये डिझेल भरून ते चालू करत 'धुण्याची' पद्धत अनेक गॅरेजमध्ये दिसते. डिझेल पातळ असल्याने भागांमध्ये पुरेसा थर टिकत नाही आणि झीज वाढते. आवाज दाबण्यासाठी मॅन्युअलपेक्षा जाड ऑइल टाकणंही चुकीचं. त्याने दुखणं लपतं, जात नाही. ऑइल घेताना डब्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड आणि जासो एमए किंवा एमए२ हे मानक पाहा. कारचं ऑइल टाकल्यास क्लच घसरू शकतो.

विमानं आणि हेलिकॉप्टरमध्येही हेच तत्त्व वापरतात. ऑइलमधल्या चुंबकी प्लगवर धातूचा तुकडा चिकटला की पायलटसमोर दिवा लागतो. प्रयोगशाळेत ऑइलमधलं लोह, तांबं आणि अॅल्युमिनियम मोजता येतं, पण नेहमीच्या चाचणीत मोठे कण सुटू शकतात. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आला तरी डोळ्यांना दिसलेला तुकडा दुर्लक्षित करू नये.

इंजिन खोलायला होकार देण्याआधी कणांचे फोटो काढा, थोडं ऑइल बाटलीत ठेवा आणि किलोमीटरची नोंद करा. बाइक वॉरंटीत असेल तर बाहेर इंजिन न खोलता हे सगळं घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. इंजिन खोललंच तर खराब निघालेला भाग समोर पाहायला मागा आणि तो कणांच्या रंगाशी जुळतो का, हे विचारा. कण पितळेचे आणि बिल पिस्टनचं असेल, तर पैसे देण्याआधी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवलेलं बरं.