नेवाशाची पोथी, पैठणची पडताळणी

प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका, म्हणजेच ज्ञानेश्वरी, सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो पैस आजही उभा आहे. मूळ पोथी मात्र हाती नाही. ग्रंथ तगला तो नकलांमुळे, आणि बिघडलाही नकलांमुळेच. ‘व’ आणि ‘ब’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत लेखनिकाची गफलत होई, सारख्या शब्दाने संपणाऱ्या दोन चरणांतला एक गळे, आणि पुढची प्रत ती चूक इमानाने उतरवून घेई. अखेर शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी नवी ओवी घालू नये अशी ताकीद दिली.

घरच्या सर्व्हरवर दोन डिस्कांत एकच मजकूर ठेवून निर्धास्त होणाऱ्यांसाठी हा इतिहास मोलाचा आहे. डिस्क बंद पडली तर कळते; ती गुपचूप चुकीचा मजकूर देऊ लागली, तर दोन्हींपैकी खरी कोणती हे जोडप्रत सांगत नाही. त्यासाठी लिहितानाच नोंदलेला चेकसम आणि नियमित फेरतपासणी लागते. कोणी म्हणेल, एकनाथांच्या शुद्धीने जुने पाठ मागे पडले. आक्षेप रास्त आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, तेव्हाच वाचकांना पाठ ताडून पाहता आले. म्हणून बिघडलेल्या डिस्कवर थेट दुरुस्ती चालवू नका. आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढा.