वसंत ऋतूतील हिमस्खलनाचा धोका आणि वऱ्हाड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मेळघाट, पयनघाट व बालाघाट या तीन विभागांत वसलेल्या वऱ्हाडाच्या इतिहासात दुष्काळ आहे, पूर आहे, उन्हाळ्याची काहिलीही आहे. हिमस्खलन मात्र या भूमीला सर्वस्वी परके आहे. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यालाही हिमवर्षाव ठाऊक नाही. असे असूनही २५ जानेवारी २०१७ रोजी काश्मीरमधील गुरेझ क्षेत्रात बर्फाखाली गाडल्या गेलेल्या जवानांत अकोला जिल्ह्यातील दोघांचा समावेश होता. त्यामुळे हिमालयातील या संकटाचा इतिहास वऱ्हाडाच्याही इतिहासाचा भाग ठरतो.

धोक्याचे स्वरूप :
गुरेझची दुर्घटना ऐन हिवाळ्यातील, प्रचंड हिमवृष्टीनंतरची होती. वसंतातील हिमस्खलनाचे कारण वेगळे असते. फाल्गुन-चैत्रात तापमान वाढू लागले की वरच्या थरातील बर्फ वितळून पाणी खाली झिरपते. त्यामुळे हिमकणांची परस्परांवरील पकड सैल होते आणि ओला, जड बर्फ उतारावरून घसरतो. साधारणतः ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी अधिक धोकादायक मानले जातात. सूर्याभिमुख उतारांवर दुपारनंतर धोका वाढतो. म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी असा उतार ओलांडण्याची दक्षता घेतली जाते. बर्फात गाडलेली व्यक्ती पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढली गेल्यास वाचण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते.

ऐतिहासिक आढावा :
हिमस्खलनाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तरीही मार्च १९७९ मध्ये लाहौल खोऱ्यात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्याने सियाचीनवर ताबा मिळविला आणि सैनिकांचा बर्फातील मुक्काम कायमचा झाला. १९९९ च्या कारगिल युद्धापूर्वी हिवाळ्यात रिकाम्या केल्या जाणाऱ्या अनेक चौक्यांवरही त्यानंतर बारमाही पहारा सुरू झाला. उतार तेच राहिले. त्यांच्याखाली वावरणाऱ्या माणसांची संख्या मात्र वाढली.

हीच बाब रस्तेबांधणीस लागू पडते. हिवाळ्यात बंद पडलेले मार्ग मोकळे करण्याचे काम वसंतातच, म्हणजे बर्फ सैल होण्याच्या काळात करावे लागते. २३ एप्रिल २०२१ रोजी चमोली जिल्ह्यातील सुमना येथे आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच जिल्ह्यातील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावण्या हिमस्खलनात सापडल्या. माणा येथे आठ कामगारांचा अंत झाला. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममधील नाथुला मार्गावर सात पर्यटकांचा बळी गेला. जवान, मजूर आणि पर्यटक हे तिन्ही वर्ग बहुधा दूरच्या प्रदेशांतून तेथे गेलेले असतात, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हिमस्खलन ही केवळ नैसर्गिक आपत्ती नाही. माणसाने कोणत्या उताराखाली, कोणत्या ऋतूत व कोणत्या वेळी उभे राहावे, या निर्णयांशीही तिचा संबंध आहे. पहाडात वाढलेल्या माणसाला हे ज्ञान परंपरेने मिळते. पूर्णेच्या काठी वाढलेल्या तरुणाला ते शिकवावे लागते. वऱ्हाडात मार्चचे ऊन चटका देते, म्हणून त्याचा धोका ताबडतोब कळतो. हिमालयात तेच ऊन सुखद वाटते, आणि धोका नेमका त्या सुखद उबेत दडलेला असतो. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तसेच उन्हाळी सुटीत हिमालयात पदभ्रमणास जाणाऱ्या वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन स्तरावरच याची प्राथमिक माहिती देणे आवश्यक आहे. गुरेझमध्ये प्राण गमावलेल्या जवानांचे स्मरण त्यामुळे अधिक अर्थपूर्ण होईल.